खातं कुणाच्या नावावर? एका घरातल्या स्मार्ट स्पीकरचं प्रकरण

पार्श्वभूमी

घरात चार माणसं: आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. दिवसा आजोबांची काळजी घ्यायला एक मदतनीस येतात. घरातले सगळे त्यांना मावशी म्हणतात. आजोबांची मुलगी दुसऱ्या शहरात राहते. ओळख पटू नये म्हणून नाती वगळता बरेच तपशील बदलले किंवा गाळले आहेत. उपकरणांच्या कंपन्यांची नावंही दिलेली नाहीत. जे घडलं त्यात त्या नावांनी फारसा फरक पडत नाही.

आजोबांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजव्या हातात जोर उरला नव्हता, आणि डोळ्यांच्या आजारामुळे समोरचं नीट दिसत नव्हतं. घड्याळ दिसेना, फोनची बटणं सापडेनात, दिव्याचा स्विच चाचपडावा लागे. मुलगी भेटीला आली, तिने हे पाहिलं आणि सुट्टी संपायच्या आत घरात बरीच उपकरणं बसवली. आजोबांच्या खोलीत पडदा (स्क्रीन) असलेला स्मार्ट स्पीकर, म्हणजे बोलून आज्ञा देता येतात असं यंत्र, स्वयंपाकघरात छोटा स्पीकर, हॉलमध्ये आजोबांच्या दाराकडे तोंड करून एक कॅमेरा, आणि आवाजावर चालणारे काही दिवे. टीव्ही घरात आधीपासूनच होता, तोही तिने जोडून दिला.

भाऊ-वहिनी कामात गढलेले, त्यांना कशाला त्रास, म्हणून सगळी मांडणी तिने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खात्यात केली. हेतू चांगला होता आणि त्या वेळी कुणाला त्यात काही खटकलं नाही. जाताना ती वाय-फायचा पासवर्ड भावाला परत सांगून गेली. खात्याचा विषय निघालाच नाही.

सून समुपदेशक आहे. आठवड्यातले काही दिवस ती घरून ऑनलाइन सत्रं घेते. दार बंद करून, हेडफोन लावून. सत्रांच्या मधल्या वेळात मात्र ती स्वयंपाकघरात असते, आणि फोनवरची बरीच बोलणी तिथेच होतात.

ठिणगी

एके दिवशी मुलीचा भावाला फोन आला. "बाबांना कुठे ठेवायचा विचार चाललाय म्हणे तुमचा?"

भावाला काहीच कळेना. त्याच्या कानावर असं काही आलं नव्हतं. सून मात्र हादरली, कारण हे ती बोलली होती, पण फक्त एका मैत्रिणीशी, फोनवर, स्वयंपाकघरात. तेही थकून, 'कधी कधी वाटतं' या सुरात. नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं.

पहिला संशय मावशींवर गेला. मुलाने त्यांना विचारलं, "तुम्ही ताईला काही सांगितलंत का?" त्यांनी नाही म्हटलं. त्यावर कुणी पुढे बोललं नाही, पण विश्वास ठेवला असंही कुणी म्हटलं नाही. हा प्रसंग पुढच्या सगळ्या निवाड्यात महत्त्वाचा ठरला, म्हणून नोंदवून ठेवतो.

मग संशय यंत्रावर आला. सुनेने त्याच रात्री घरातल्या सगळ्या उपकरणांचे प्लग काढले. दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा अंधारात 'दिवा लाव' म्हणत राहिले आणि शेवटी भिंत धरत उठले. पडले नाहीत, पण घाबरले. त्यानंतर मला बोलावण्यात आलं. घरांना आणि छोट्या कार्यालयांना उपकरणांच्या सुरक्षिततेबाबत सल्ला देणं हे माझं काम आहे.

घरातल्यांची समजूत आणि प्रत्यक्ष

सुनेची समजूत अशी होती की स्पीकर चोवीस तास सगळं रेकॉर्ड करतो, कंपनी ते साठवते आणि खातेदाराला ऐकवते. मुलाची समजूत नेमकी उलटी: नाव घेतल्याशिवाय ते काहीच ऐकत नाही, त्यामुळे हे शक्यच नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

अशा स्पीकरचा माइक चालूच असतो. यंत्राच्या आत शेवटच्या काही क्षणांचा आवाज सतत नवा भरत आणि जुना पुसत राहतो, आणि यंत्र त्यात फक्त एक शब्द शोधत असतं: वेक वर्ड, म्हणजे ज्या हाकेने ते जागं होतं. हाक सापडली की स्पीकरवरचा छोटा दिवा लागतो आणि तिथून पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. नेहमीच्या वापरात आवाज घराबाहेर जाण्याची वाट ही एवढीच.

पण हाक ओळखण्यात चूक होते, आणि ती वारंवार होते. २०२० मध्ये जर्मनीतल्या रुर विद्यापीठ, बोखुम आणि माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्पीकरसमोर टीव्ही मालिका आणि बातम्या लावून पाहिल्या. भलत्याच शब्दांना हाक समजून यंत्र जागं झाल्याची हजाराहून अधिक उदाहरणं त्यांना मिळाली. २०१८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या एका जोडप्याचं घरातलं संभाषण अ‍ॅमेझॉनच्या एको या स्मार्ट स्पीकरने रेकॉर्ड करून थेट त्यांच्या ओळखीच्या माणसाला पाठवलं होतं. कंपनीचं स्पष्टीकरण असं, की यंत्राने आधी चुकून हाक ऐकली, मग 'संदेश पाठव' असं ऐकलं, मग त्या गप्पांतच एक नाव ऐकलं आणि शेवटी होकारही ऐकला. एकावर एक चुका, आणि प्रत्येक चूक यंत्राच्या दृष्टीने आज्ञाच.

म्हणजे सुनेची शंका वेडगळ नव्हती. प्रश्न इतकाच होता की या घरात नेमकं काय झालं.

पहिला निर्णय: पुसायचं की आधी पाहायचं

सुनेला सगळी रेकॉर्डिंग ताबडतोब पुसून हवी होती. तिचं म्हणणं समजण्यासारखं होतं. मी मात्र आधी पाहावं असं सुचवलं. खात्यातली रेकॉर्डिंगची यादी पुसली असती तर संशय कायमचा उरला असता, आणि तो सगळ्यात जास्त मावशींना भोवला असता.

पाहायचं म्हटलं तरी दोन अडचणी होत्या. पहिली, खातं मुलीचं. घरात राहणाऱ्यांचे आवाज, पण ते उघडण्याची किल्ली दुसऱ्या शहरात. मुलाने बहिणीकडे पासवर्ड मागायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं. एकाने सगळ्यांचं ऐकण्याच्या जागी दुसऱ्याने सगळ्यांचं ऐकायचं, यात सुधारणा काय? शिवाय त्या खात्यात मुलीची स्वतःची खरेदी, पत्ते, कॅलेंडर, सगळं होतं. व्हिडिओ कॉल करून तिने आपला पडदा आम्हाला दाखवावा असं ठरलं. ती म्हणाली, "मी काही लपवत नाहीये. पण पासवर्ड देणार नाही." हे तिचं म्हणणं रास्तच होतं.

दुसरी अडचण जास्त नाजूक. यादीत फक्त सुनेचे आवाज नसणार. आजोबा, नातू, मावशी, पाहुणे, सगळे असणार. सत्य शोधायच्या नावाखाली आपणही तेच करणार होतो, ज्याची तक्रार होती. म्हणून ऐकण्याआधी नियम ठरवले. यादीतला मजकूर फक्त वाचायचा, आवाज लावायचा नाही. ज्याचा आवाज, त्यालाच तो ऐकायचा हक्क. आणि वादाच्या दिवसाच्या आसपासच्याच नोंदी उघडायच्या. मावशींनाही त्या वेळी बसायला सांगितलं. त्या संकोचल्या, पण बसल्या.

यादीत काय सापडलं

बहुतेक नोंदी आजोबांच्या होत्या. किती वाजले, दिवा लाव, बातम्या लाव, मुलीला फोन लाव. त्यांच्यामध्ये टीव्हीतल्या पात्रांची वाक्यं पेरलेली होती. हाकेशी यमक जुळणारा कुठलाही शब्द पडद्यावर आला की यंत्र जागं झालं होतं. नातवाने अभ्यासाचे प्रश्न विचारले होते आणि चेष्टाही केली होती. त्याच्या काही प्रश्नांची ओळ दिसताच आम्ही यादी न थांबता पुढे सरकवली. मुलं यंत्राला जे विचारतात ते आईवडिलांना विचारायचं नसतं म्हणूनच विचारतात.

सुनेचे मोजकेच तुकडे होते, काही सेकंदांचे. त्यातल्या एकात ती सहकाऱ्याशी बोलत होती, आणि तिच्याकडे येणाऱ्या एका व्यक्तीचं पहिलं नाव त्यात स्पष्ट होतं. हा तुकडा वादाशी संबंधित नव्हता, पण माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात गंभीर नोंद हीच. त्या व्यक्तीने कधी या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

आणि मैत्रिणीशी झालेलं ते बोलणं? त्याची नोंदच नव्हती. एकही नाही.

ते सापडलं वेगळ्या यादीत, कॉल आणि संदेशांच्या. काही स्पीकरमध्ये इंटरकॉमसारखी सोय असते: परवानगी दिलेली व्यक्ती आपल्या फोनवरून थेट स्पीकर उघडू शकते, समोरच्याने उचलावं लागत नाही. एक घंटी वाजते, दिवा लुकलुकतो आणि जोडणी होते. मुलीने ही सोय वडिलांसाठी सुरू केली होती, पण खात्यातल्या सगळ्या स्पीकरना ती आपोआप लागू झाली. त्या दुपारी स्वयंपाकघराच्या नावासमोर अकरा मिनिटांची जोडणी दिसत होती. पंखा आणि मिक्सरच्या आवाजात घंटी कुणाला ऐकू गेली नव्हती.

कॉलवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मुलगी म्हणाली, "मावशींना औषधाचं विचारायला लावला होता. वहिनी फोनवर बोलत होती. मी बंद करणार होते, पण तेवढ्यात बाबांचा विषय निघाला. मग नाही केला बंद."

मावशींवरचा संशय तिथे संपला. मुलाने त्यांची माफी मागितली. ती बैठक थोडी लवकर झाली असती तर बरं झालं असतं.

कुणाला काय हवं होतं

इथपर्यंतचा भाग तपासाचा. खरा गुंता पुढे होता, कारण घरातल्या प्रत्येकाला खासगीपणा म्हणजे वेगळीच गोष्ट हवी होती.

सुनेला स्वयंपाकघरात माइक नको होता. तिच्या कामासाठी तर अजिबातच नको. तिच्या मनातून 'सगळंच काढा' हा विचार अजून गेला नव्हता.

आजोबांना स्पीकर हवाच होता. "मला दिसत नाही. वेळ विचारायला दर वेळी कुणाला हाक मारू?" हे त्यांनी शांतपणे विचारलं आणि त्याला उत्तर नव्हतं. मात्र बोलता बोलता कळलं की खोलीतल्या स्पीकरच्या पडद्यावर कॅमेरा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. हॉलमधल्या कॅमेऱ्याबद्दल माहीत होतं, पण तो चोरांसाठी आहे असं त्यांना वाटत होतं. त्यात रात्रीचं त्यांचं न्हाणीघरात जाणं-येणं दिसतं आणि ते मुलीच्या फोनवर जातं, हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "तो आधी काढा." कंपनी आपलं बोलणं ऐकते याची त्यांना फिकीर नव्हती. मुलीने आपल्याला तसं चालताना पाहू नये, ही होती.

मुलीला भीती वाटत होती. लांब राहणाऱ्या अपत्याची ती नेहमीची भीती: बाबा रात्री पडले तर? भाऊ-वहिनी झोपेत असतील तर? कॅमेरा आणि इंटरकॉम म्हणजे तिच्यासाठी पाळत नव्हती, धीर होता. तिला खलनायक ठरवून हे प्रकरण लवकर मिटलं असतं, पण ते खरं झालं नसतं.

मावशींना विचारलं तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "मला काय, माझं काही नाही." पुन्हा, एकट्या असताना विचारल्यावर कळलं की त्यांना स्पीकरविषयी पहिल्यापासून कल्पना होती. आपल्या घरचे फोन त्या जिन्यात जाऊन करत, आणि कधीमधी स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर फडकं टाकत. हॉलच्या कॅमेऱ्याबद्दल त्यांचं उत्तर मात्र मला अनपेक्षित होतं. तो त्यांना हवा होता. "आजोबा माझ्यासमोर पडले आणि कुणी म्हणालं मी लक्ष दिलं नाही, तर? कॅमेऱ्यात दिसेल तरी." ज्याच्यावर आधीच एकदा संशय घेतला गेला आहे, त्याला पुरावा हवासा वाटणारच.

नातवाला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्याने विचारलेलं आई वाचते का.

समोर असलेले पर्याय

सगळं काढून टाकणं हा सर्वांत सोपा पर्याय, आणि चार सक्षम प्रौढांच्या घरात मी कदाचित तोच सुचवला असता. इथे त्याची किंमत एकट्या आजोबांनी मोजली असती. वेळ बोलून सांगणारं घड्याळ, मोठ्या बटणांचा फोन असे जोड-उपाय पाहिले. काही पुढे घेतलेही. पण दिवा, बातम्या, फोन आणि पुस्तक ऐकणं हे एका आवाजात मिळण्याची बरोबरी ते करत नव्हते.

दुसरा पर्याय, खातं मुलीकडेच ठेवून फक्त सेटिंग बदलायची. इंटरकॉम बंद, रेकॉर्डिंग आपोआप पुसणं सुरू, कंपनीच्या माणसांनी रेकॉर्डिंग ऐकून केलेली तपासणी बंद. ही तपासणी काल्पनिक नाही. २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीने गुगल असिस्टंटची हजाराहून अधिक रेकॉर्डिंग ऐकली होती, जी कंत्राटी कर्मचारी लिहून काढत होते. त्यातली १५३ अशी होती की हाक मारलेलीच नव्हती. त्याच वर्षी अ‍ॅपलने सिरी या आपल्या आवाजी मदतनिसाच्या अशाच तपासणीबद्दल माफी मागून ती केवळ संमती देणाऱ्यांपुरती ठेवली. सेटिंग बदलणं म्हणूनच आवश्यक होतं. पण पुरेसं नव्हतं, दोन कारणांनी. एक तर, जिने बंद केलं तीच पुन्हा सुरू करू शकत होती आणि घरात कुणाला कळलं नसतं. दुसरं, सेटिंग कंपनीच्या मर्जीवर असते. अ‍ॅमेझॉनने काही एको उपकरणांवर आवाज सर्व्हरकडे न पाठवता यंत्रातच त्याचा मजकूर करण्याची सोय दिली होती. २८ मार्च २०२५ पासून ती काढून घेतली.

तिसरा पर्याय तंत्राच्या दृष्टीने मला सगळ्यात आवडणारा: आवाज घराबाहेर जाऊच न देणारी व्यवस्था. होम असिस्टंट हा मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा, प्रकल्प अशा गोष्टींवर काम करतो आणि २०२३ हे वर्ष त्यांनी आवाजासाठीच राखून ठेवलं होतं. दिवे लावण्यासारखी साधी कामं त्यावर होतात. पण ते उभं करायला आणि चालतं ठेवायला घरात एक हौशी माणूस लागतो. या घरात तो नव्हता. महिन्यातून एकदा बिघडणारा खासगी स्पीकर दृष्टी अधू असलेल्या माणसाच्या उपयोगाचा नाही. हा पर्याय सोडताना मला वाईट वाटलं, पण सोडला.

उरलेला पर्याय, मालकी बदलणं. उपकरणं कमी करायची, आणि जी राहतील ती ज्याच्या खोलीत आहेत त्याच्या नावाच्या नव्या खात्यात न्यायची. हाच निवडला.

काय केलं

स्वयंपाकघरातला स्पीकर काढला. त्यावर चर्चाही झाली नाही.

आजोबांच्या नावाने नवं खातं उघडलं. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात त्यांच्या कपाटात ठेवला. अ‍ॅप मुलाच्या फोनवर, आजोबांच्या संमतीने. इथे एक नवा धोका आहेच: आता मुलगा वडिलांचं ऐकू शकतो. म्हणून रेकॉर्डिंग साठवून न ठेवण्याचा पर्याय निवडला, म्हणजे उघडून पाहण्यासारखं मागे काही उरत नाही. वेक वर्ड बदलून टीव्हीत सहसा न येणारा ठेवला. पडद्यावरच्या कॅमेऱ्याची सरकती झडप बंद केली, आणि ती बंद आहे हे आजोबांना बोटाने चाचपायला शिकवलं. माइकचं बटणही. पाहुणे आले, डॉक्टर आले, तर बटण दाबायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

मालकी बदलायला उपकरणं मुलीच्या खात्यातून काढून मूळ स्थितीला न्यावी लागली. तिने ते स्वतः, कॉलवर, सगळ्यांसमोर केलं. त्याच वेळी जुनी रेकॉर्डिंगही पुसली. सुनेने तो एक तुकडा पुसताना स्वतः पाहिला. ज्या व्यक्तीचं नाव त्यात होतं तिला सांगायचं की नाही, हा निर्णय तिने आपल्या वरिष्ठांशी बोलून घेतला आणि सांगितलं. मी त्यात सल्ला दिला नाही. तो तिच्या व्यवसायाचा प्रश्न होता.

हॉलचा कॅमेरा मुख्य दाराकडे वळवला. मावशींची काळजी खरी होती, म्हणून त्यांच्याशी बोलून वेगळी सोय केली: आजोबांच्या औषधांची आणि पडण्या-लागण्याची रोजची वही, त्यावर मावशींची आणि संध्याकाळी घरातल्या एकाची सही. कॅमेऱ्याइतकं ते पक्कं नाही हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी मान्य केलं, खुशीने नाही.

मुलीच्या भीतीसाठी आजोबांच्या मनगटाला दाबायचं बटण दिलं, जे दाबलं की मुलाच्या खोलीत घंटी वाजते आणि मुलीच्या फोनवर सूचना जाते. त्याला माइक नाही, कॅमेरा नाही. इंटरकॉम बंद. वडिलांना फोन करायचा तर साधा कॉल, जो ते 'उचल' म्हणून उचलतील किंवा उचलणार नाहीत.

टीव्हीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याच्या सेटिंगमध्ये पडद्यावर काय चाललंय हे ओळखून कंपनीला कळवणारी सोय चालू होती. ही जुनी खोड आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने सुमारे १.१ कोटी टीव्हींवरून संमतीशिवाय अशी माहिती गोळा केल्याच्या तक्रारीत २२ लाख डॉलर भरून तडजोड केली होती. बंद केली आणि पुढे गेलो.

काय झालं

पहिल्याच संध्याकाळी एक चूक झाली. उपकरणं मूळ स्थितीला नेताना औषधांच्या वेळेचे गजरही पुसले गेले. ते पुन्हा घालायचे होते, पण बाकीच्या गडबडीत राहून गेले आणि संध्याकाळची गोळी चुकली. सुदैवाने ती अशी होती की एकदा चुकल्याने धोका नव्हता. वहीची कल्पना मावशींना पटायला मात्र त्याने मदत झाली.

काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा आजोबा स्पीकर पूर्वीसारखाच वापरत होते. टीव्हीने यंत्र जागं होणं पूर्ण थांबलं नव्हतं, कमी झालं होतं. स्वयंपाकघरातल्या स्पीकरची आठवण फक्त नातवाला येत होती. मावशी आता फोन घरातच घेतात. मनगटाचं बटण आजोबांनी चुकून बरेचदा दाबलं, आणि पहिल्या काही रात्री दोन्ही घरांत झोपमोड झाली. ते आता थांबलं आहे.

नणंद-भावजयीचं पूर्वीसारखं झालेलं नाही. मुलगी दर आठवड्याला ठरलेल्या वेळी फोन करते, आणि वडिलांना पुढे कुठे, कसं ठेवायचं हा विषय आता उघड बोलला जातो. त्या चर्चेत आजोबाही असतात. सून मात्र तिच्याशी बोलताना अजूनही मोजून बोलते. तंत्राचा सल्लागार म्हणून माझ्याकडे त्यावर काही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, बसवतानाच. मुलीने खातं वडिलांच्या नावाने उघडलं असतं आणि स्वतःला फक्त मर्यादित परवानगी दिली असती, तर तिची मदत तेवढीच राहिली असती आणि अकरा मिनिटं घडलीच नसती. उपकरण भेट देताना खातंही भेट द्यायला हवं. ते बहुतेक जण देत नाहीत, कारण स्वतःच्या फोनवरून जोडणं पाच मिनिटांचं काम असतं.

घरात येणाऱ्या मदतनिसांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं: माइक इथे आहे, कॅमेरा इथे आहे, बंद करायचं बटण हे. संमती घेतो म्हणणं सोपं, पण नोकरीच्या गरजेपुढे 'नको' म्हणणं किती जणांना जमतं? त्यामुळे विचारण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे नकार देण्याची जागा आधीच करून ठेवणं. मावशींना जिना शोधावा लागला.

सुनेने सगळे प्लग एकदम काढले तेव्हा आजोबांच्या खोलीतला दिवा तरी साध्या स्विचवर हवा होता. ज्याचं रोजचं चालणं-फिरणं एखाद्या यंत्रावर आहे, ते यंत्र बंद करण्याआधी त्या माणसाला विचारलं पाहिजे, मग कारण कितीही रास्त असो. हीच गोष्ट गजरांबाबत: मूळ स्थितीला नेण्याआधी कागदावर यादी. दहा ओळींची यादी असती तर गोळी चुकली नसती.

मुलीच्या जुन्या टॅबलेटचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यावर कॅमेऱ्याचं अ‍ॅप अजून सुरू होतं, कारण कॅमेऱ्याचं खातं स्पीकरपेक्षा वेगळ्या कंपनीचं होतं आणि आमची यादी स्पीकरच्या खात्यावरून बनली होती. ते काही आठवड्यांनी तिनेच सांगितलं. कोणत्या खोलीत काय आहे यापेक्षा कोणकोणत्या फोनवर आणि टॅबलेटवर कोणतं अ‍ॅप आहे, इथून यादी सुरू केली असती तर ते पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

एक प्रश्न राहिला आहे. नातवाला आपल्या खोलीत स्वतःचा स्पीकर हवा आहे, मुलांसाठीच्या वेगळ्या खात्यासह. सुनेचा विरोध आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने (एफटीसी) मुलांची आवाजाची रेकॉर्डिंग गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्याच्या आणि पालकांच्या पुसण्याच्या विनंत्या नीट न पाळल्याच्या आरोपावरून अ‍ॅमेझॉनला २.५ कोटी डॉलर भरायला लावले, हे तिने वाचलं आहे. मुलाचं म्हणणं, आवाज साठवू नका असं सेटिंग करून द्यावा. नातवाची अट वेगळीच आहे: मुलांच्या खात्यात पालकांना यादी दिसते, ती त्यांनी उघडणार नाही असं आधी कबूल करावं. सून त्याला तयार नाही, आणि मुलगा अजून काही बोललेला नाही.